तांदळाची साय
प्रस्तावना

रिसोटोत साय नसते. फ्रेश क्रीम नसतं, दूध नसतं, मैदा किंवा कॉर्नफ्लोअरही नसतं. सुरुवातीलाच हे सांगून टाकणं गरजेचं वाटतं, कारण आपल्याकडे बहुतेकांची रिसोटोशी पहिली भेट हॉटेलात होते. तिथे पुष्कळदा आधीच अर्धवट शिजवून ठेवलेल्या भातावर क्रीम ओतलं जातं, वर चीज पडतं आणि पाच मिनिटांत बशी पुढ्यात येते. दोन घास खाऊन माणूस म्हणतो, छान आहे, पण जड आहे. मग घरी करून बघायचा विचार तिथेच संपतो. नीट केलेला रिसोटो असा जड नसतो. त्याचा मऊ, वाहता दाटपणा तांदळाच्याच अंगचा असतो. दाण्यातला स्टार्च थोडा थोडा सुटतो, कढत स्टॉकमध्ये मिसळतो, शेवटी त्याला लोणी आणि चीज मिळतं आणि पातेल्यात जे तयार होतं ती तांदळाची साय. ती घरच्या शेगडीवर, घरच्या पातेल्यात, अर्ध्या तासात निघते. हे पुस्तक त्यासाठी आहे.

भात शिजवायच्या आपल्या रीती आठवून पाहिल्या की रिसोटोची जागा लगेच कळते. आधणात तांदूळ वैरून, मंद आचेवर वाफ आणून केलेला रोजचा भात एका बाजूला. शीत न् शीत सुटं राहावं म्हणून धडपड असते तो पुलाव नि ती बिर्याणी दुसऱ्या बाजूला. आणि तान्ह्या मुलांसाठी, आजाऱ्यासाठी, पावसाळी रात्रीसाठी केलेला गुरगुट्या भात, कोकण-गोव्यातली पेज, ही तिसरी तऱ्हा. पुलावात शीत टिकतं पण रस नसतो. मऊ भातात रस असतो पण शीत विरघळून गेलेलं असतं. रिसोटो या दोन्ही गोष्टी एकाच पातेल्यात मागतो. शीत अखंड हवं, दाताखाली त्याच्या पोटात किंचित कणी जाणवायला हवी आणि तरीही त्याभोवतीचा रस दाट, तुकतुकीत हवा. शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्या आपल्या लोकांना ही कसोटी अवघड जायचं कारण नाही.

रिसोटो साऱ्या इटलीचा म्हणून ओळखला जात असला, तरी तो उत्तर इटलीचा पदार्थ आहे. नेपल्स किंवा बारीच्या घरात आईच्या हातचं जेवण म्हटलं की पास्ता आठवतो. रिसोटो आठवणारी माणसं पो नदीच्या खोऱ्यातली. पश्चिमेला पिएमोन्ते, मध्ये लोंबार्डी, पूर्वेला व्हेनेतो. वेर्चेल्ली, नोवारा आणि पाविया या तीन जिल्ह्यांत मे महिन्यात खाचरांत पाणी भरलेलं असतं आणि त्यात पलीकडच्या आल्प्सचा बर्फ दिसतो. युरोपीय संघात पिकणाऱ्या तांदळापैकी जवळपास निम्मा तांदूळ इटलीत होतो आणि त्यातला बहुतेक या खोऱ्यात.

तांदूळ तिथला नव्हे. भूमध्य समुद्राच्या वाटेने, अरबांच्या हातून तो दक्षिण युरोपात आला आणि दीर्घकाळ औषधाच्या आणि मसाल्याच्या दुकानात मिळणारी महाग वस्तू म्हणून राहिला. पंधराव्या शतकात तो पो खोऱ्यात शेतात उतरला. मिलानचा ड्यूक गालेआत्सो मारिया स्फोर्त्सा याने 1475 मध्ये फेराराच्या ड्यूकला बारा पोती तांदूळ पाठवल्याचं पत्र आहे आणि तिथल्या भातशेतीचा इतिहास सांगणारे या पत्रापासून सुरुवात करतात. पुढच्या तीनशे वर्षांत हा तांदूळ इतका मोलाचा झाला की पिएमोन्तेतून साळ, म्हणजे पेरता येईल असं भात, बाहेर न्यायला सक्त मनाई होती. 1787 मध्ये थॉमस जेफरसन, जो पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, तो या भागात आला तेव्हा त्याने आपल्या कोटाचे खिसे साळीने भरून ती चोरून बाहेर नेली. या गुन्ह्याला देहदंड आहे, हे ठाऊक असूनही नेली. बियाण्यासाठी माणसं काय काय करतात, याचं हे नमुनेदार उदाहरण.

त्या काळात तिथे पिकणारा वाण जवळपास एकच होता. त्याच्यावर करपा पडू लागला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खोऱ्यातली शेती हादरली. मग 1839 मध्ये कालेरी नावाच्या मिशनऱ्याने फिलिपीन्सहून 43 वाणांचं बियाणं आणलं. आज ज्यांना आपण अस्सल इटालियन तांदूळ म्हणून चढ्या भावाने विकत घेतो, त्यांच्या मागे हा आशियाई वंश आहे. त्यानंतरचा मोठा टप्पा पाण्याचा. 1863 ते 1866 या तीन वर्षांत कावूर कालवा खोदला गेला, पो नदीचं पाणी किवास्सोहून नोवाराच्या दिशेने वळलं आणि हजारो हेक्टर जमीन भाताखाली आली.

या सगळ्या वैभवाखाली बायकांचे पाय होते. तण काढायला आणि रोपं लावायला दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी एमिलिया, व्हेनेतो अशा प्रदेशांतून हजारो बायका येत. त्यांना मोंदिने म्हणत. गुडघाभर पाण्यात, कंबरेत वाकून, डासांच्या आणि जळवांच्या संगतीत त्या सुमारे चाळीस दिवस राबत. जेवायला बहुधा भात आणि वाल-घेवड्याच्या जातीचे दाणे. आठ तासांच्या कामासाठी 1906 मध्ये वेर्चेल्लीत त्यांनी जो लढा दिला, तो इटलीच्या कामगार चळवळीतला महत्त्वाचा टप्पा मानला जातो. ज्युसेप्पे दे सांतिस या दिग्दर्शकाच्या 1949 च्या 'रिझो आमारो' या चित्रपटात या बायका दिसतात. पुढे तणनाशकं आली आणि ते काम संपलं. आपल्याकडे मावळात नि कोकणात आवणीला वाकलेल्या बाया ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या इतिहासाची वेगळी ओळख करून द्यायला नको. रिसोटोच्या पुस्तकात त्यांचं नाव यायलाच हवं, असं मला वाटतं. बहुतेक पुस्तकांत ते येत नाही.

पातेल्यातल्या रिसोटोचा इतिहास मात्र शेतातल्या तांदळाइतका जुना नाही. मिलानमध्ये एक आख्यायिका सांगतात. 1574 मध्ये तिथल्या भव्य कॅथेड्रलच्या खिडक्यांच्या काचा रंगवणाऱ्या फ्लेमिश कारागिराच्या मुलीच्या लग्नात त्याच्या शागिर्दाने, काचेच्या रंगात केशर घालायची सवय असल्याने, भातातही केशर घातलं आणि पिवळा रिसोटो जन्मला. गोष्ट गोड आहे आणि लग्नाच्या भातात केशर घालणाऱ्या आपल्या घरांना ती जवळची वाटेल, पण तिला कागदाचा आधार नाही. कागद सुरू होतो तो बराच नंतर. 1809 च्या एका पाककृतिसंग्रहात तांदूळ लोणी, कांदा आणि नळीतल्या मज्जेत परतून, मग कढत स्टॉक घालत शिजवायची आणि केशर मिसळायची कृती आहे. 1829 मध्ये फेलिचे लुरास्की या मिलानी आचाऱ्याने आपल्या पुस्तकात हाच पदार्थ मिलानच्या नावाने छापला. त्याआधी तांदूळ पाण्यात किंवा दुधात उकडत. आधी स्निग्धात परतायचं आणि मग थोडा थोडा द्रव पाजायचा, हा बदल कुणा एकाने केला नाही. तो घराघरांत, हळूहळू झाला असावा, असं मला वाटतं.

1891 मध्ये पेल्लेग्रिनो आर्तूझी यांनी स्वतःच्या खर्चाने छापलेलं पुस्तक इटलीतल्या मध्यमवर्गीय घरांचं स्वयंपाकाचं पुस्तक झालं. त्यात मिलानी रिसोटोच्या एक नव्हे, तीन कृती आहेत. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ज्या पदार्थाच्या 'अस्सल' कृतीवरून आज वाद होतात, त्याच्या सव्वाशे वर्षांपूर्वीच्या सर्वांत विश्वासू जाणकाराने तीन वाटा दिल्या आणि वाचकाला निवडायला सांगितलं. याच्या उलट टोकाला कार्लो एमिलिओ गाद्दा. हा मोठा कादंबरीकार मिलानचा, शिक्षणाने इंजिनिअर. त्याने 1959 मध्ये रिसोटोवर एक लेख लिहिला आणि तांदूळ कोणता, लोणी कुठलं, पातेलं तांब्याचं आणि कल्हईचंच कसं हवं, हे इंजिनिअरच्या काटेकोरपणाने मांडलं. आर्तूझींची मोकळीक आणि गाद्दांचा कटाक्ष, या दोन वृत्ती रिसोटोच्या जगात आजही शेजारी शेजारी राहतात. हे पुस्तक आर्तूझींच्या बाजूचं आहे.

आता घराण्यांकडे येतो.

मिलानचं घराणं सर्वांत प्रसिद्ध. केशर, गोमांसाच्या नळीतली मज्जा, लोणी आणि ग्राना चीज. रिसोटो जरा घट्ट, बशीत सावकाश पसरणारा. इटालियन जेवणात रिसोटो हा पहिला, स्वतंत्र पदार्थ म्हणून येतो, त्याच्याबरोबर दुसरं काही वाढत नाहीत. याला मिलानचा अपवाद. तिथे ओस्सोबुको, म्हणजे नळीसकट शिजवलेलं वासराचं मांस, केशरी रिसोटोशेजारी मानाने बसतं. उरलेला रिसोटो दुसऱ्या दिवशी तव्यावर लोण्यात पातळ थापून, दोन्हीकडून खरपूस करतात. शिळ्या भाताच्या बाबतीत मिलानची गृहिणी आपल्याइतकीच हुशार.

व्हेनेतोत रिसोटो पातळ होतो. बशी हलवली की त्यावर लाट उठली पाहिजे, अशी तिथली अपेक्षा. समुद्र जवळ असल्याने मासे आले, माकुळाची काळी शाई आली. व्हेनिसजवळच्या बुरानो बेटावर गो नावाच्या खाडीतल्या लहानशा, काटेरी माशाचा रिसोटो करतात. मासा खायला नको इतका काटेरी, म्हणून त्याचा रस काढून गाळतात आणि त्या रसात तांदूळ शिजवतात. काट्यांच्या माशाचं सार करणाऱ्या किनाऱ्यावरच्या माणसाला यातली अक्कल पटेल. आणि व्हेनिसचाच रिझी ए बीझी, मटारांचा. 25 एप्रिलला संत मार्कच्या सणाला, कोवळ्या मटारांच्या हंगामात, तो व्हेनिसच्या अधिपतीला, डोजेला, अर्पण करायची चाल होती. मटारांच्या सालांचाच स्टॉक करायचा, त्यात भात शिजवायचा आणि चमच्याने खायचा. तो सूप आणि रिसोटो यांच्या मधोमध बसतो. माझ्या मते घरच्या मुलांसाठी रिसोटोची सुरुवात इथून करावी.

पिएमोन्तेत थंडी जास्त, रिसोटो अंगाने दणकट. बारोलो ही लाल वाईन घालून केलेला, आल्बाच्या पांढऱ्या ट्रफलचे काप वरून टाकलेला. वेर्चेल्लीची पानिस्सा घेवड्याचे दाणे, चरबीत मुरवलेलं सॉसेज आणि लाल वाईन घालून होते. नोवाराची पानिश्शा तिची बहीण, पण दोन्ही गावं ते मान्य करणार नाहीत.

ज्या घराण्याजवळ मला जास्त वेळ थांबावंसं वाटतं ते मांतुआचं. तिथल्या भात कांडणाऱ्या कामगारांच्या नावाने एक रिसोटो आहे, अल्ला पिलोता. यात स्टॉक डावाडावाने घालणं नाही, ढवळणं नाही. मोजून पाणी उकळायचं, त्यात कागदाच्या पुडीतून तांदूळ असा सोडायचा की पातेल्याच्या मधोमध त्याचा सुळका उभा राहील आणि टोक पाण्याबाहेर डोकावेल. मग पातेलं हलवून तो सारखा करायचा, दहा-बारा मिनिटं उकळू द्यायचा, आच बंद करून फडकं आणि झाकण घालून तेवढाच वेळ मुरू द्यायचा. शेवटी परतलेलं डुकराच्या मांसाचं सॉसेज आणि किसलेलं चीज मिसळायचं. शीत मोकळं, रस नावाला नाही. म्हणजे आधणात वैरून, झाकण घालून वाफवलेला आपला भातच! कांडपाचं काम करणाऱ्या माणसांना पातेल्याशेजारी उभं राहायला वेळ नव्हता, ही त्याची साधी कारणमीमांसा. 'वीस मिनिटं अखंड ढवळलं नाही तर तो रिसोटोच नव्हे' असं जे ठणकावून सांगतात, त्यांच्यापुढे मांतुआचं हे पातेलं ठेवावं. नियम कुठल्याही पदार्थाचे असोत, ते कुणाच्या वेळेवर आणि कुणाच्या अंगमेहनतीवर उभे आहेत हे पाहिलं पाहिजे.

तरीही ढवळण्यामागे कारण आहे आणि ते समजून घेतलं की हात आपोआप योग्य चालतो. तांदळातल्या स्टार्चचे दोन घटक असतात, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. अमायलोपेक्टिन सुटलं की रस दाट होतो. अमायलोज जास्त असलं की दाणा आकार धरून राहतो. बासमतीत अमायलोज जास्त, म्हणून तो मोकळा आणि म्हणूनच रिसोटोला निरुपयोगी. रिसोटोच्या वाणांत दोन्हींचा तोल असतो, दाणा जाड असतो आणि त्याच्या पोटात खडूसारखा पांढरा ठिपका दिसतो. आर्बोरियो सहज रस सोडतो, पण एखादं मिनिट जास्त झालं की फुटतो. कार्नारोलीत अमायलोज थोडं जास्त, म्हणून तो चूक सांभाळून घेतो. व्हेरोनाकडचा व्हिआलोने नानो बुटका, गोल, भरपूर रस पिणारा. तिन्ही वाण विसाव्या शतकातले आहेत. व्हिआलोने नानो 1937 चा, कार्नारोली 1945 चा, आर्बोरियो 1946 चा. शेकडो वर्षांची परंपरा म्हणून जे आपण खातो, त्याचा दाणा आपल्या आजी-आजोबांच्या वयाचा आहे. कार्नारोलीच्या नावाने त्याच्याशी मिळतेजुळते दुसरे वाणही कायदेशीरपणे विकले जातात. खरा वाण हवा असेल तर पाकिटावर 'क्लासिको' हा शब्द शोधावा, 2017 पासून इटलीत तशी सोय आहे.

आपल्या हाताला लागलेली एक सवय इथे मोडावी लागते. रिसोटोचा तांदूळ धुवायचा नाही. तीन पाणी काढल्याशिवाय तांदूळ शिजवायचा नाही हे आपल्याला लहानपणापासून शिकवलं आहे आणि आपल्या भातासाठी ते बरोबरच आहे. रिसोटोत मात्र त्या पाण्याबरोबर हवा तो स्टार्च मोरीत जातो. मग तांदूळ कोरडाच लोण्यात किंवा तेलात परतायचा, रंग न आणता, दाणा हाताला चटका देईपर्यंत. यामुळे वरचा थर घट्ट होतो आणि स्टार्च एकदम न सुटता सावकाश सुटतो. मग थोडी पांढरी वाईन, तिच्या आंबटपणाने पुढच्या लोण्या-चीजचा जडपणा कापला जातो. मग कढत स्टॉक. गार स्टॉक घातला की उकळी मोडते आणि दाणा बाहेरून लगदा, आतून कच्चा राहतो. ढवळताना दाणे एकमेकांवर घासतात आणि स्टार्च सुटतो, पण सतत घुसळायची गरज नसते. अधूनमधून, तळापासून, लाकडी उलथन्याने. सोळा ते अठरा मिनिटांनी शीत चावून पाहायचं. कणी किंचित उरली की आच बंद.

यानंतरची दोन मिनिटं साऱ्या कृतीत सर्वांत मोलाची. आच बंद केल्यावर, मिनिटभर थांबून, फ्रिजमधून काढलेलं थंडगार लोणी आणि बारीक किसलेलं चीज घालून जोरात ढवळायचं. स्टार्चच्या रसात लोण्याचा स्नेह बारीक बारीक होऊन मिसळतो आणि वेगळा तरंगत नाही. साय म्हणतो ती इथे येते. पातेलं आचेवर असेल तर लोणी फुटतं, तुपाची तार वर येते आणि चीजच्या गुठळ्या होतात. घरी केलेला रिसोटो बिघडला असं जेव्हा कुणी सांगतं, तेव्हा बहुतेक वेळा चूक या दोन मिनिटांत असते.

मोठ्या शेफनी या कृतीत बरंच नवं केलं. ग्वाल्तिएरो मार्केझी यांनी 1981 मध्ये केशरी रिसोटोवर खऱ्या सोन्याचा वर्ख ठेवला आणि इटलीभर चर्चा झाली. माझ्या मते वर्खापेक्षा त्यांची दुसरी देणगी मोठी. कांदा पातेल्यात न ठेवता, त्याचा स्वाद वाईनच्या आंबटपणासह लोण्यात उतरवून ते लोणी शेवटी घालायचं. कांदा दाताखाली न आवडणाऱ्यांना हा उपाय सापडतो. 2012 मध्ये एमिलियात भूकंप झाला, पार्मेजानच्या गोदामांतले लाखो गोळे पडून फुटले. तेव्हा मोदेनाच्या मास्सिमो बोत्तुरा यांनी फक्त चीज आणि मिरी यांचा रिसोटो रचला आणि लोकांना तो आपापल्या घरी, एकाच दिवशी करायला सांगितलं. फुटलेलं चीज खपलं, कारखाने सावरले. शेफच्या प्रतिभेचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

दुसरी क्रांती निमूट झाली. प्रेशर कुकरमधला रिसोटो. मार्सेल्ला हझान यांच्यासारख्या थोर लेखिकांनी ढवळण्याचा आग्रह धरला होता, पण प्रेशर आल्यावर सहा-सात मिनिटांत तांदूळ शिजतो आणि रसही चांगला सुटतो, हे पुढे अनेकांनी सिद्ध केलं. मराठी घरात कुकर नसतो असं होत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी, कामावरून दमून आल्यावर, कुकरच वापरावा. फक्त शेवटची दोन मिनिटं, लोण्या-चीजची, हातानेच करावी.

हा विषय आत्ता का? एक कारण शेतातलं आहे. 2022 च्या उन्हाळ्यात पो नदी सत्तर वर्षांत आटली नव्हती इतकी आटली. उत्तरेच्या पाच प्रदेशांत आणीबाणी जाहीर झाली, खाचरं भेगाळली आणि पुढच्या वर्षी भाताखालचं क्षेत्र आणखी घटलं. आल्प्सवर बर्फ कमी पडला की मिलानच्या पातेल्यावर परिणाम होतो. आपल्याकडे पाऊस लांबला की भाताचं काय होतं हे वेगळं सांगायला नको. तांदूळ खाणाऱ्या सगळ्या माणसांची ही काळजी आता सामाईक आहे.

दुसरं कारण घरातलं आहे आणि माझ्यासाठी तेच मोठं. मराठी घरात स्वयंपाक करणारी बाई बहुधा शेवटी जेवते. गरम पोळ्या तव्यावरून ताटात पडत राहतात, बाकीच्यांचं आटोपतं आणि मग ती एकटी बसते. रिसोटो हे चालू देत नाही. झाला की पाच मिनिटांत तो आळतो, रस दाण्यात जिरतो, साय जाते. त्यामुळे तो होण्याआधी सगळ्यांना ताटावर येऊन बसावं लागतं आणि केल्या क्षणी, करणारीला किंवा करणाऱ्यालाही, सगळ्यांबरोबर खावं लागतं. ढवळायला दुसऱ्या हाताची मदत लागते, चीज किसायला पोरांना बसवता येतं. एका पातेल्यातलं जेवण, एकाच वेळी, सगळ्यांनी. मिलानमध्ये पोट बिघडलं की नुसता उकडलेला भात आणि लोणी देतात, आपण मऊ भात, तूप आणि मेतकूट देतो. भाताने माणसाला धीर द्यायचा, हे दोन्हीकडे सारखंच ठाऊक आहे.

या पुस्तकात इटलीतले रिसोटो त्यांच्या गावांसह, त्यांच्या हंगामांसह येतात. त्यांना मराठी वेष चढवण्याचा प्रयत्न नाही. पावभाजी रिसोटो इथे मिळणार नाही. मात्र आपल्या स्वयंपाकघरात काय असतं आणि काय नसतं याचा विचार पानोपानी केला आहे. भाज्यांचा स्टॉक घरी कसा काढायचा, मटारांच्या सालांचं नि मक्याच्या कणसांच्या बुरखुंडांचं काय करायचं, हे सविस्तर आहे. मांतुआचा भोपळ्याचा रिसोटो आपल्या लाल भोपळ्याने उत्तम होतो, म्हणून त्याला जास्त जागा दिली आहे. घरात वाईन चालत नसेल तिथे शेवटी लिंबाचा रस सांगितला आहे, चालत असेल तर नाशिकची कोरडी पांढरी वाईन पुरेशी आहे. शाकाहारी वाचकांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. अस्सल पार्मिजानो रेज्जानो वासराच्या जठरातल्या रेनेटनेच बनतं, तसा त्याचा नियम आहे आणि ग्राना पादानोचंही तेच. तेव्हा हिरव्या ठिपक्याचं, मुरलेलं, कडक चीज घ्यावं.

तांदळाबद्दल माझं मत ठाम आहे. पहिले काही वेळा आर्बोरियो किंवा कार्नारोलीच आणावा. महाग पडतो, पण माणशी 80 ग्रॅमच लागतो आणि त्याला पाव लिटरहून थोडा जास्त स्टॉक पुरतो. पोत जिभेला एकदा कळला की मग घरचा तांदूळ घ्यावा. आंबेमोहराचा वास सुंदर, पण त्याचं शीत लवकर मोडतं. इंद्रायणी त्यापेक्षा बरा टिकतो. आंबेमोहर आणि आयआर-8 यांच्या संकरातून तो वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झाला आणि त्याच्या चिकटपणामुळे रस छान सुटतो. स्टॉक कमी घालावा आणि बारा मिनिटांपासूनच शीत चावून पाहू लागावं. त्याला मिलानी रिसोटो म्हणू नये. इंद्रायणीचा रिसोटो म्हणावं आणि आवडीने खावा.

वाचकांना विनंती एवढीच, की पहिला रिसोटो पाहुण्यांसाठी करू नका. घरच्या चौघांसाठी करा आणि अगदी साधा करा. कांदा, लोणी, तांदूळ, भाज्यांचा स्टॉक, चीज, बस. बशा गरम पाण्यात बुडवून पुसून ठेवा. तांदूळ दहा मिनिटं शिजला की सगळ्यांना हाक मारा, बसल्याशिवाय लोणी घालू नका. आणि वाढताना पाचवी बशी स्वतःची आहे, तीही त्याच वेळी भरा.